बोटावरच्या चिमट्यातला आकडा येतो कुठून?

२०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊ लागले. एका हातात ताप पाहायची बंदूक, दुसऱ्या हातात बोटाला लावायचा चिमटा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर. दारातच बोट पुढे करायचं, थोडं थांबायचं, आणि ‘अठ्ठ्याण्णव’ ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. पुढच्या वर्षी कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर आरोग्य विभागानेच लोकांना घरी सहा मिनिटं चालून, आधी आणि नंतर हा आकडा पाहायला सांगितलं. तो ९४ च्या वर आहे की खाली, यावर खाटेसाठी धावाधाव करायची की घरीच थांबायचं हे ठरत होतं.

ज्या आकड्यावर आपण एवढा भरवसा टाकला, तो तयार कसा होतो हे मात्र फारच थोड्यांना कोणी समजावून सांगितलं. पल्स ऑक्सिमीटर प्रत्यक्षात उजेड मोजतो. त्या उजेडावरून तो एक गुणोत्तर काढतो, ते गुणोत्तर आत साठवलेल्या तक्त्यात शोधतो आणि तक्त्यात त्याच्यासमोर असलेला आकडा पडद्यावर दाखवतो. हा तक्ता कोणाच्या रक्तावरून आणि कोणाच्या कातडीवरून बनवला, हा माझ्या मते या यंत्राबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तिथवर पोहोचण्याआधी रक्ताच्या रंगाकडे पाहावं लागेल.

फुप्फुसांतून निघालेलं रक्त लालभडक असतं, शरीरभर फिरून परतणारं गडद, काळपट लाल. हा फरक हिमोग्लोबिनमुळे पडतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू बसू शकतात. अशा एकूण जागांपैकी किती टक्के भरल्या आहेत, तोच चिमट्यावरचा आकडा. ते बसले की हिमोग्लोबिनची घडण किंचित बदलते आणि कोणता उजेड तो किती शोषणार हेही बदलतं. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल उजेडात हा फरक मोठा आहे. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन तो उजेड ऑक्सिजनवाल्याच्या जवळपास दहापट शोषतं. तिथून पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात, ९४० नॅनोमीटरला चित्र उलटं होतं. तिथे ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन जास्त उजेड शोषतं. चिमट्याच्या एका जबड्यात या दोन तरंगलांबींचे दोन बारीक दिवे असतात आणि समोरच्या जबड्यात पलीकडे आलेला उजेड टिपणारा सेन्सर. दिवे इतक्या झपाट्याने आळीपाळीने लागतात-विझतात की आपल्याला एक स्थिर लाल ठिपका दिसतो. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटाच्या टोकाला चिकटवून पाहा. बोट लाल उजळतं, कारण पांढऱ्या उजेडातले बाकीचे रंग आतच मुरतात आणि लाल तेवढा पार होतो.

म्हणजे दोन उजेड सोडायचे, किती पार झाले ते पाहायचं, की झालं? तसं असतं तर हे यंत्र फार आधीच घराघरात पोहोचलं असतं. बोटात कातडी आहे, हाड आहे, चरबी आहे, शिरांमधलं ऑक्सिजन देऊन झालेलं रक्त आहे. हे सगळं उजेड अडवतं. आपल्याला हवं असतं ते फक्त धमन्यांमधलं, हृदयाकडून नुकतं आलेलं रक्त. एकाचं बोट जाड, दुसऱ्याचं बारीक. मग पलीकडे आलेल्या उजेडातला नेमका कुठला हिस्सा धमनीच्या रक्ताने खाल्ला, हे ओळखायचं कसं?

यावर बरीच वर्षं डोकेफोड झाली. जर्मनीत कार्ल माथेस यांनी १९३५ मध्ये कानाच्या पाळीतून दोन रंगांचा उजेड पाठवणारं उपकरण बनवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ग्लेन मिलिकन यांनी उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी असंच कानाचं यंत्र तयार केलं. पुढे मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वुड यांनी कानाची पाळी आधी दाबून रक्तहीन करायची, तेव्हाचा उजेड मोजून ठेवायचा, मग दाब सोडून पुन्हा मोजायचं, अशी युक्ती काढली. १९७० च्या दशकात ह्युलेट-पॅकार्डने दोनऐवजी आठ तरंगलांबी वापरल्या आणि कान गरम ठेवून मोजणी केली. यंत्र चांगलं चालायचं, पण ते बोजड आणि महाग होतं. रुग्णाच्या उशाशी रात्रभर लावून ठेवावं असं ते नव्हतं.

कोडं सोडवलं जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने, आणि तेही दुसऱ्याच कामाच्या नादात. त्यांना हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते मोजायचं होतं. त्याची तेव्हाची रीत अशी की शिरेत एक रंगद्रव्य टोचायचं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण कसं वाढतं-घटतं ते पाहायचं. त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त काढण्याऐवजी कानातून उजेड पाठवून काम भागेल, असं आओयागींना वाटलं. पण नोंदीची रेघ सरळ येईना. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमन्या फुगायच्या, रक्त किंचित वाढायचं आणि रेघेवर लहान लहान लाटा उमटायच्या. त्या लाटा घालवायला त्यांनी दोन तरंगलांबी घेतल्या आणि एकीची लाट दुसरीने खोडून काढायचा हिशेब बसवला. तो बसलाही. मात्र रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला की तोच हिशेब बिघडायचा.

माझ्या मते यंत्रांच्या इतिहासातल्या सगळ्यात सुंदर क्षणांपैकी हा एक आहे. आओयागींच्या लक्षात आलं की हिशेब बिघडवणारी गोष्टच मोजण्याजोगी आहे. ठोक्यागणिक हलतं ते धमनीचं रक्त. कातडी, हाड, चरबी, शिरांमधलं संथ रक्त हे सगळं एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत जवळपास जिथल्या तिथे असतं. मग स्थिर उजेड बाजूला ठेवून फक्त थरथरणारा उजेड पाहिला, तर धमनीचं रक्त आपोआप वेगळं निघतं. कान दाबायला नको, गरम करायला नको. जो ठोका त्यांना आधी अडथळा वाटत होता, त्यानेच वाट दाखवली. ‘पल्स ऑक्सिमीटर’ मधला ‘पल्स’ तो हाच.

१९७४ मध्ये त्यांनी जपानमधल्या परिषदेत हे मांडलं आणि कंपनीने पेटंटचा अर्ज केला. योगायोग असा की जेमतेम महिनाभराने मिनोल्टा या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीनेही याच धर्तीचा अर्ज दाखल केला. मिनोल्टाने १९७७ मध्ये बोटाला लावायचं यंत्र बाजारात आणलं. त्यानंतर अमेरिकेत बायॉक्स आणि नेलकोर या कंपन्यांनी एलईडी दिवे वापरून ते सुटसुटीत केलं. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ विल्यम न्यू हे नेलकोरच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या यंत्रात एक साधी पण मोलाची सोय होती. प्रत्येक ठोक्याला येणारा ‘टीं’ आवाज ऑक्सिजन उतरला की खालच्या पट्टीत जायचा. भूलतज्ज्ञाचं लक्ष रुग्णावर असताना पडद्याकडे न बघताही घसरण कानांना कळायची.

याचं महत्त्व समजायला आधीची स्थिती आठवावी लागते. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला ऑक्सिजन कमी पडतोय हे डॉक्टर ओठ आणि नखं निळसर पडली का यावरून ओळखत. १९४७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बहुतेकांना हा निळेपणा खात्रीने ओळखू येतो तेव्हा पातळी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरलेली असते. म्हणजे फार उशीर झालेला असतो. १९८६ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने शस्त्रक्रियेदरम्यानच्या देखरेखीचे मानदंड स्वीकारले आणि काही वर्षांतच हे यंत्र त्यात सक्तीचं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या यादीतही ‘पल्स ऑक्सिमीटर लावला आहे का, तो चालू आहे का’ हा प्रश्न आहे. त्या कामाचं नेतृत्व शल्यविशारद अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. जगातल्या हजारो शस्त्रक्रियागृहांत हे यंत्रच नाही, हे समोर आल्यावर ती पोकळी भरण्यासाठी २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीतही गावंडे होते.

आता आतला हिशेब पाहू. तो वाटतो तितका अवघड नाही. समजा बोटातून पार झालेल्या लाल उजेडात ठोक्यागणिक १ टक्का चढउतार होतो आणि अवरक्त उजेडात २ टक्के. १ ला २ ने भागलं की ०.५ आलं. हे ते गुणोत्तर. लाल उजेड फारसा हलत नाही, म्हणजे नव्याने आलेलं रक्त तो थोडाच शोषतंय, म्हणजे ते ऑक्सिजनने भरलेलं आहे. ०.५ च्या आसपासचं गुणोत्तर आलं की पडदा शंभराच्या जवळचा आकडा दाखवतो. दोन्ही चढउतार सारखे असले, गुणोत्तर १ आलं, तर आकडा ८५ च्या आसपास येतो. गुणोत्तर जसं वाढतं तसा आकडा घसरतो.

पण ०.५ म्हणजे शंभराजवळ आणि १ म्हणजे ८५, हे ठरवलं कोणी? निव्वळ सूत्राने ते नेमकं निघत नाही, कारण उजेड बोटातून सरळ रेषेत जात नाही. तो आत हजार ठिकाणी आपटून, वाट बदलत बाहेर पडतो. म्हणून निर्माते प्रयोग करतात. निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली कमी कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांची पातळी टप्प्याटप्प्याने साधारण ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, प्रत्येक टप्प्यावर धमनीतून रक्त काढून प्रयोगशाळेत खरी पातळी मोजतात आणि त्या वेळी यंत्राला दिसलेलं गुणोत्तर शेजारी लिहितात. असा तक्ता बनतो. ७० च्या खाली माणसाला मुद्दाम नेणं धोक्याचं, म्हणून तिथले आकडे तक्ता पुढे वाढवून काढलेले असतात. आपल्या बोटावर चिमटा लागतो तेव्हा खरं तर आपली तुलना कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या मूठभर तरुण, धडधाकट माणसांशी होत असते.

या तक्त्यावर चालणाऱ्या यंत्राला चूक होण्याची थोडी मुभाही दिलेली असते. मान्यताप्राप्त यंत्रातही ३ टक्क्यांच्या आसपासची चूक गृहीत धरलेली असते. ९५ दिसलं तर खरी पातळी बहुतेक वेळा ९२ ते ९८ च्या दरम्यान असते, आणि काही वेळा त्याही बाहेर. म्हणून ९६ चं ९५ झालं म्हणून घाबरू नये. ९६ चं ९२ झालं आणि तिथेच राहिलं, तर मात्र हयगय करू नये. ९० च्या खाली गेल्यावर काळजी का वाढते, यालाही कारण आहे. हिमोग्लोबिन वरच्या पातळीला ऑक्सिजन चिवटपणे धरून ठेवतं, त्यामुळे रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच घटला तरी आकडा फारसा हलत नाही. ९० च्या खाली तो आधार सुटतो आणि दाब थोडा जरी कमी झाला तरी आकडा वेगाने कोसळतो. म्हणून २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ९० ते ९३ मध्यम आणि ९० च्या खाली गंभीर, अशी विभागणी होती.

आता यंत्र कुठे फसतं ते पाहू. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू राहिला आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला, तर तो हिमोग्लोबिनला असा चिकटतो की ६६० नॅनोमीटरच्या उजेडाला ते ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असतो आणि पडदा ९८ दाखवतो. आकड्यावर विसंबून जीव जाण्याची ही खरी शक्यता आहे. थंडीने बोटं गार पडली किंवा रक्तदाब फार उतरला की ठोक्याची लाट इतकी क्षीण होते की यंत्र तिला नीट पकडू शकत नाही. हात थरथरला की त्याची लाटही ठोक्यासारखी दिसू लागते. गडद निळं किंवा काळं नेलपॉलिश उजेड अडवतं.

महाराष्ट्रात विशेष करून सांगावी अशी गोष्ट म्हणजे पंडुरोग, अंगात रक्त कमी असणं. हिमोग्लोबिनचा एकेक रेणू म्हणजे चार सीटांची शेअर रिक्षा समजा. ऑक्सिमीटर सांगतो की रस्त्यावरच्या रिक्षांतल्या किती टक्के सीट भरल्या आहेत. रिक्षा एकूण किती आहेत हे तो सांगत नाही. हिमोग्लोबिन १४ असलेल्या बाईलाही ९८ येईल आणि ७ असलेल्या बाईलाही ९८ येईल. दुसरीच्या रक्तात मात्र पहिलीच्या निम्माच ऑक्सिजन असेल. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना कमी-अधिक पंडुरोग आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईला ‘ऑक्सिजन तर छान आहे’ म्हणून परत पाठवणं, हा त्या आकड्याचा चुकीचा अर्थ लावणं आहे.

आणि आता कातडीच्या रंगाचा प्रश्न. कातडीला गडद रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्य लाल उजेड अवरक्तपेक्षा जास्त शोषतं. हिशेब कागदावर मांडला तर याने फरक पडू नये, कारण मेलॅनिन ठोक्यागणिक हलत नाही. ते स्थिर हिश्श्यात जातं आणि भागाकारात निघून जातं. पण प्रत्यक्षातला दिवा नेमका ६६० चा नसतो. त्याचा उजेड आजूबाजूच्या तरंगलांबींवरही थोडा पसरलेला असतो आणि मेलॅनिन त्या पसाऱ्याची एक कड जास्त छाटतं. शिवाय गडद कातडीतून पलीकडे पोहोचणारा उजेडच कमी, म्हणून लाटही बारीक. छोट्या छोट्या चुका साचतात, आणि त्या बहुतेक एकाच दिशेला झुकतात. यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं.

अमेरिकेत १९९० मध्येच एका अभ्यासात हे दिसलं होतं. तरी यंत्रं तशीच बनत राहिली, विकली जात राहिली. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आकडे मांडले. ज्यांच्या चिमट्यावर ९२ ते ९६ दिसत होतं, त्यांच्या धमनीतल्या रक्ताची तपासणी केली तेव्हा गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा खरी पातळी ८८ च्याही खाली निघाली. कृष्णवर्णीय रुग्णांत हेच प्रमाण ११.७ टक्के होतं. पडदा ‘ठीक आहे’ म्हणत असताना दर आठ-नऊ मोजण्यांमागे एकात शरीराला ऑक्सिजन अपुरा पडत होता. २०२२ मधल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की या फरकामुळे कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या कोविड रुग्णांना उपचारांची गरज आहे हे उशिरा लक्षात आलं.

हे वाचून संताप येतो, आणि तो यायलाच हवा. दोष दिव्याच्या भौतिकशास्त्राइतकाच तक्त्यासाठी निवडलेल्या माणसांचाही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत चाचणीसाठी निदान १० निरोगी माणसं आणि त्यात निदान २ गडद वर्णाची किंवा गटाच्या १५ टक्के, एवढीच अपेक्षा होती. दोन माणसांवरून जगातल्या सगळ्या सावळ्या-काळ्या बोटांचा अंदाज बांधायचा! जानेवारी २०२५ मध्ये त्याच संस्थेने नवा मसुदा काढला. त्यात किमान १५० माणसं आणि कातडीच्या छटा ठरावीक मापाने नोंदवण्याची सूचना आहे. महाराष्ट्रात एकाच घरात गव्हाळ आजी, सावळी आई आणि काळा मुलगा असतो. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या खोक्यावर ते कोणत्या वर्णाच्या किती माणसांवर तपासलं आहे, हे छापलेलं असावं. ही मागणी आपण केली पाहिजे.

आओयागींची कल्पना दरम्यान बोटावरून मनगटावर आली. घड्याळाच्या मागे चमकणारा हिरवा दिवा नाडी मोजतो, कारण हिरवा उजेड रक्त फार जोमाने शोषतं आणि लाट ठळक मिळते. ऑक्सिजनसाठी मात्र लाल आणि अवरक्तच लागतात. शिवाय मनगटावर उजेड पार जात नाही, उलट फिरून आलेला मोजावा लागतो, म्हणून तिथला आकडा बोटापेक्षा कमी भरवशाचा असतो. या तंत्रात किती पैसा आहे ते ऑक्सिमीटर बनवणारी मासिमो आणि ॲपल यांच्या पेटंटच्या भांडणातून दिसलं. त्यापायी २०२४ च्या सुरुवातीला ॲपलला अमेरिकेत नवी घड्याळं ऑक्सिजन मोजण्याची सोय बंद करून विकावी लागली.

त्याहून अद्भुत गोष्ट कॅमेऱ्याची. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की साध्या डिजिटल कॅमेऱ्याने, खोलीतल्या नेहमीच्या उजेडात, कुठलाही खास दिवा न लावता चेहऱ्याच्या चित्रणातून नाडी मोजता येते. ठोक्यागणिक चेहऱ्याचा रंग आपल्या डोळ्यांना कळणार नाही इतका बारीक बदलतो. प्रत्येक चित्रातल्या गालाच्या आणि कपाळाच्या ठिपक्यांची सरासरी काढली की तोच बदल लाटेसारखा उमटतो, हिरव्या रंगात सगळ्यात ठळक. २०१२ मध्ये एमआयटीतल्या गटाने हा बदल संगणकाने मोठा करून दाखवला, तेव्हा चित्रफितीतला चेहरा ठोक्यागणिक लाल होताना डोळ्यांनी दिसला. नाजूक कातडीच्या, कमी दिवसांच्या बाळांना काहीही न चिकटवता त्यांच्यावर नजर ठेवता येईल, या आशेने अनेक ठिकाणी यावर काम चालू आहे. मात्र मेलॅनिन हिरवा उजेड लालपेक्षाही जास्त शोषतं. त्यामुळे गडद चेहऱ्यांवर ही लाट आणखी बारीक होते. चिमट्याच्या बाबतीत ज्या गोष्टीकडे ३० वर्षं दुर्लक्ष झालं, ती कॅमेऱ्याच्या बाबतीत पहिल्या चाचणीपासून तपासायला हवी.

घरातला चिमटा मात्र फेकून देऊ नका. तो नीट वापरा. बोट गरम असू द्या, गार असेल तर आधी चोळा. नेलपॉलिश काढा. हात टेबलावर किंवा मांडीवर टेकवा, बोलू नका, आकडा स्थिरावायला निदान अर्धा मिनिट द्या. पडद्यावर लाटेची रेघ दिसत असेल तर ती एकसारखी आहे का ते पाहा. रेघ वेडीवाकडी असेल तर त्या वेळचा आकडा धरू नका. धडधाकट असताना आपला नेहमीचा आकडा किती येतो ते एकदा लिहून ठेवा, म्हणजे आजारपणात तुलना स्वतःशीच करता येईल. आणि माणसाला धाप लागली असेल, वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ काळे-निळे दिसत असतील किंवा तो गुंगीत जात असेल, तर पडद्यावर ९७ असलं तरी त्याला दवाखान्यात न्या.